सहादूच्या जीपची पायरी

सोमनाथ आहेराचं घर पाथर्डी फाट्याच्या आत, तिसऱ्या गल्लीत. रिक्षावाल्याला त्याचं नाव सांगावं लागत नाही. ‘जिथं दारात जुनी गाडी उभी असते ते घर’ म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. घराच्या बाजूला मोकळी जागा होती, तिथं सोमनाथने पत्र्याची शेड टाकली आणि तोच त्याचा कारखाना झाला.

मूळचा तो देवळ्याकडचा. सातपूरच्या एका कंपनीत सत्तावीस वर्षं वेल्डर होता. शिवणयंत्रावर टीप मारावी तसं त्याचं वेल्डिंग सरळ यायचं. कंपनीने कारखाना दुसरीकडे हलवला तेव्हा बरोबरीच्यांपैकी कोणी दुकान टाकलं, कोणी गावी जाऊन कांदा लावला. सोमनाथने मात्र एक सडलेली जुनी फियाट आणून सहा महिन्यांत अशी उभी केली, की बघणाऱ्याने आत वाकून नव्या गाडीचा वास घ्यावा. तिथून त्याचं नाव झालं. हौशी लोक जुन्या गाड्या घेऊन येऊ लागले. डॉक्टर, बिल्डर, निफाडचे द्राक्षबागाईतदार. त्यांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यातही सोमनाथला घेतलं.

या लोकांचा दर जानेवारीत गंगापूर रोडला मेळावा भरायचा. सोमनाथ दरवर्षी जायचा, हातात फडकं घेऊन. गाडीवर धूळ बसली की पुसायची, फोटो निघताना बाजूला व्हायचं. कोणी विचारलंच, ‘काम कोणाकडून केलं?’ तर मालक म्हणायचा, ‘आहे एक जण पाथर्डी फाट्याला.’ तो एक जण चार पावलांवर उभा असायचा. बायकोला, संजनाला, त्याने हे कधी सांगितलं नाही, पण त्या शब्दांनी त्याच्या मनात घर केलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर पूजा भोये त्याच्याकडे आली. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी, नाशकात एका खासगी दवाखान्यात नर्स. तिने वडिलांची डिझेल जीप टेम्पोला बांधून ओढत आणली होती. वडील सहादू तीन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून जीप मोहाच्या झाडाखाली उभी होती. बॉनेट उघडलं तर आत वेल वाढलेला. ब्रशने लावलेला फिकट निळा रंग, मागे दोन लांब बाकं, वर फाटकं ताडपत्रीचं हूड.

“काका, इंजिन चालू करा, ब्रेक नीट करा, गंज काढा,” पूजा म्हणाली. “बाकी जसं आहे तसंच राहू द्या. आईचे गुडघे गेलेत. माझा चुलतभाऊ पुंजा चालवील, तिला बाजाराला, दवाखान्याला जाता येईल. पासिंगचं मी बघते.”

“निश्चिंत राहा, ताई,” सोमनाथ म्हणाला. “होती तशी देतो.”

महिनाभर त्याने खरोखरच मन लावून काम केलं. इंजिन खोलून भरलं, ब्रेक नवे केले. डिसेंबरच्या मध्यात जीपने पहिला धूर सोडला तेव्हा तो शेडमध्ये एकटाच हसला होता.

नेमकं त्याच आठवड्यात ग्रुपवर मेळाव्याचं निघालं. कोण कोणती गाडी आणणार, याची यादी चालली होती. सोमनाथने लिहिलं, ‘मी एक जीप आणतो.’ कोणीतरी लगेच विचारलं, ‘अरे वा, सोमनाथभाऊ! स्वतःची?’

तो थोडा वेळ त्या प्रश्नाकडे बघत राहिला. मग त्याने नुसता अंगठा दाखवणारं चित्र टाकलं. तोंडाने खोटं बोलला नाही, एवढीच त्याने स्वतःची समजूत घातली.

एकदा ते झाल्यावर निळी, बाकांची जीप कशी न्यायची? मेळाव्यात नेण्याजोगी करायची तर रुंद टायर हवेत, कमानपाटे वाढवून उंची द्यायला हवी, हूड काढून वरून उघडी करायला हवी, रंग लष्करी हिरवा. पोरगी बघून खूशच होईल, त्याने मनाशी ठरवलं. कोणाला चांगलं नको असतं?

कापाकापी सुरू करण्यापूर्वी ग्रुपसाठी त्याने व्हिडिओ काढला. जीपच्या मागच्या बाजूला सहादूने लोखंडाची एक पायरी जोडली होती, जमिनीपासून हातभर उंचीवर, बाहेरच्या बाजूला जराशी उतरती. दोन्ही अंगांना धरायला सळयांच्या कड्या, त्याही नको तितक्या खाली. आणि सगळ्यावर वेल्डिंगचे गोळेच गोळे. सोमनाथने मोबाइल त्या गोळ्यांजवळ नेला.

“बघा मंडळी, ही सुरगाण्याची इंजिनियरिंग!” त्याचा आवाज व्हिडिओत होता. “हे वेल्डिंग आहे की कावळे बसून गेलेत? अहो, डोळे मिटून केलंय, डोळे मिटून!” आणि मग तो हसला, पोट धरून हसावं तसा.

ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. हाडांचे एक डॉक्टर त्या ग्रुपमध्ये होते, त्यांनी लिहिलं, ‘सोमनाथभाऊ, आता दाखवा खरं काम!’ सोमनाथने ग्रायंडर सुरू केला. पायरी, कड्या, बाकं, हुडाचा सांगाडा, सगळं दुपारपर्यंत कापून भंगारात गेलं.

मेळाव्यात जीपभोवती गर्दी झाली. लोकांनी बसून फोटो काढले. कोणाचं काम, हे त्या दिवशी कोणालाच विचारावं लागलं नाही. आयोजकांनी त्याच्या हातात काचेचं एक छोटं स्मृतिचिन्ह दिलं, आणि फोटो काढताना बाजूला व्हायची वेळ दुसऱ्यांवर आली. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. पूजाचा होता. तो गर्दीतून बाजूला गेला.

“अजून आठ दिवस लागतील, ताई. एक पार्ट मिळत नाहीये.”

“बरं, काका. आई रोज विचारते म्हणून फोन केला,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तो परत गर्दीत गेला. पण मघाचं ते फुलणं पुन्हा काही आलं नाही.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी सकाळी, पूजा आईला घेऊन आली. नवसाबाई साठी उलटलेली, अंगाने बारीक, चालताना एका बाजूला कलणारी. सोमनाथने जीप धुऊन गल्लीत उभी केली होती. पूजा ती बघून जागच्या जागी थांबली. तिच्या चेहऱ्यावर खुशी शोधत सोमनाथ उभा राहिला. ती त्याला दिसली नाही.

“ही कोणाची?” नवसाबाईने विचारलं.

“आपलीच आहे, आई.”

म्हातारी हसली. बॉनेटवरून हात फिरवत ती जीपला वळसा घालून मागे गेली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने खाली न बघता तिने पाय उचलला. पाय हवेतच खाली आला. तोल गेला. पूजाने मागून धरलं म्हणून ती पडली नाही.

“पायरी कुठं हे?” नवसाबाई खाली वाकून बघू लागली.

“काढली, मावशी,” सोमनाथ म्हणाला. “गंजली होती.”

गंजली नव्हती. कापताना ग्रायंडरची दोन पाती झिजली होती.

त्याने घाईघाईने प्लास्टिकचं स्टूल आणलं. स्टुलावर चढूनही म्हातारीचा गुडघा तेवढा वर जाईना, आणि धरायला कुठे काही नव्हतं. “उचलून ठेवू का?” त्याने विचारलं. तिने मान हलवली आणि ती त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. संजनाने पाणी दिलं. म्हातारी रागावली नव्हती. रागावली असती तर सोमनाथला बरं वाटलं असतं.

“द्राक्षाच्या कामाला बाया न्यायचे ना हे, दिंडोरीला, निफाडला,” ती संजनाला सांगू लागली. “कडेवर पोर, डोक्यावर गाठोडं. आमची जाऊ कुसाबाई, पोटुशी व्हती, चढताना पडली. लय लागलं तिला. मूल नाय वाचलं. मग ह्यांनी सुरगाण्याहून एका ग्रीलवाल्याचं मशीन आणलं मागून. दोन दिवस बसून पायरी केली. शिकलेले थोडेच व्हते? डोळ्याला धरायची ती काळी काच बी नव्हती. ठिणगी उडाली का डोळे मिटायचे. चार दिवस डोळे सुजून बसले व्हते घरात.”

डोळे मिटून. सोमनाथ जीपच्या चाकाशी उभा होता. त्याला वाटलं, आपला चेहरा आता सगळ्यांना दिसतोय. तो खाली बसून उगाच टायरची हवा तपासू लागला.

निघताना पूजाने जीप तिथंच राहू दिली, आईला रिक्षात बसवलं आणि ती एकटीच फाटकाशी परत आली.

“काका, तो व्हिडिओ मी बघितलाय.”

त्याने फाटक धरलं.

“आमचे डॉक्टर तुमच्या ग्रुपमध्ये आहेत. वॉर्डात सगळ्यांना दाखवत होते. जीप कोणाची ते त्यांना माहीत नव्हतं.” तिने रिक्षाकडे वळून बघितलं. “सगळे हसत होते. मलाही हसावं लागलं. आईला दाखवलेला नाही.”

रिक्षा गल्लीच्या टोकाला वळली तरी सोमनाथ फाटक धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंबडला शफीभाईंच्या भंगाराच्या वखारीत गेला. शफीभाई त्याच्या कंपनीच्या दिवसांपासूनचे ओळखीचे. पायरीचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

“सोमनाथभाऊ, तो माल कधीच जालन्याला गेला. भट्टीत जाऊन आत्तापर्यंत त्याची सळई झाली असंल. पाहिजे तर दुसरं लोखंड घेऊन जा ना, चांगलं हे.”

“दुसरं नको होतं,” सोमनाथ म्हणाला. तरी त्याने अर्धा तास तो ढीग उपसला. शफीभाईंनी त्याला अडवलं नाही.

आता पायरी नव्याने करायची तर माप कुठून आणायचं? पूजाने काम देताना पाठवलेले जीपचे फोटो होते, पण सगळे समोरून काढलेले. पूजाकडे आणखी फोटो मागायचा धीर त्याला होत नव्हता. पायरीचं, कड्यांचं, जवळून, चारी बाजूंनी चित्रण एकाच ठिकाणी होतं. ते त्याच्याच फोनमध्ये होतं.

दुपारी शेडमध्ये स्टूल घेऊन तो बसला आणि व्हिडिओ लावला. थांबवायचा, टायरच्या मापावरून पायरीचं माप काढायचं, कागदावर टिपायचं, पुन्हा लावायचा. दर वेळी तोच आवाज, तेच कावळे, तेच हसू. आवाज बंद करून बघता आलं असतं, पण त्याने तो बंद केला नाही. आपण हे ऐकायलाच पाहिजे, असं त्याला वाटलं. सातव्या-आठव्या वेळी त्याचं लक्ष गोळ्यांवर स्थिरावलं. जोडावर वेल्डिंग वेडंवाकडं होतं, ते कच्च्या हाताचं. पण पायरीच्या वरच्या पत्र्यावर जिथं काही जोडायचंच नव्हतं, तिथंही गोळे होते. एका आड एक, ओळीने. चिखलाचा, अनवाणी पाय घसरू नये म्हणून. उतारही त्यासाठीच, पाणी साठू नये म्हणून. सत्तावीस वर्षं कंपनीत त्याने खडबडीत पत्र्याचे जिने केले होते. खडबडीत कशासाठी असतात ते त्याला कोणी शिकवायला नको होतं. आणि तेच बघून तो हसला होता.

“अहो, केव्हापासून कोणाला हसताय एवढं?” संजना स्वयंपाकघरातून बाहेर आली.

त्याने फोन तिच्या हातात दिला. तिने व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. तिला सगळं समजायला वेळ लागला नाही. नवसाबाईचं बोलणं तिनेच समोर बसून ऐकलं होतं.

“हा आवाज तुमचा आहे?” तिने विचारलं. जणू तिला ओळखूच आला नव्हता.

“माझाच.”

ती आत निघून गेली. दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. मग तिसऱ्या दिवशी पायरीचा पहिला साचा तयार झाला, तेव्हा ती आपणहून शेडमध्ये आली. कमरेवर पाण्याने भरलेली कळशी, पाय ओले, चपला काढलेल्या.

“चढून बघते. तुम्ही मागे उभे राहा.”

ती चढली. “उंच आहे. चार बोटं खाली घ्या.” त्याने घेतली. ती पुन्हा चढली. “कडी लांब पडते. एक हात कळशीला गुंतलाय, दुसरा कुठवर पोचणार?” त्याने कडी खाली आणली. व्हिडिओत होती तिथंच ती येऊन बसली. सहादूने हे सगळं कोणाला तरी चढायला लावूनच ठरवलं असणार, हे त्याच्या लक्षात आलं. बहुधा नवसाबाईलाच.

रुंद टायर गेले, जादा पाटे गेले. बाकं नवीन केली, हूड शिवून आणलं. डॅशबोर्डच्या मागे जुना निळा रंग बोटभर शिल्लक होता, त्यावरून रंग जुळवला. पायरीवर त्याने एका आड एक गोळे सोडले. सरळ टीप मारणाऱ्या त्याच्या हाताला ते जमेना. तीन पत्रे वाया गेले.

फेब्रुवारीच्या अखेरीस जीप झाली. त्याने पूजाला कळवलं. ‘मला ड्युटी आहे. पुंजादादा ताब्यात घेईल,’ तिने एवढंच लिहिलं. दिंडोरी, वणी, बोरगाव करत सोमनाथ एकटाच जीप घेऊन पाड्यावर पोचला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

जीपचा आवाज ऐकून माणसं घराबाहेर आली. नवसाबाई काठी टेकत आली, सरळ मागे गेली आणि खाली न बघता पाय उचलला. पाय पायरीवर पडला. हात कडीवर गेला. ती आत जाऊन बाकावर बसली आणि तिथूनच हाक मारली, “ये गं, या सगळ्या!” बाया चढल्या. पुंजाने पाड्याला एक चक्कर मारली.

मग अंगणात खुर्ची मांडून त्यांनी सोमनाथला बसवलं. पुंजाने त्याच्या गळ्यात नवा टॉवेल घातला, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला. “मिस्तरींनी आमच्या काकाची जीप जिवंत केली,” तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेळाव्यातल्या टाळ्या सोमनाथने घेतल्या होत्या. या टाळ्या त्याला सोसवेनात. तो खुर्चीवरून उठला.

“मावशी, मला एक सांगायचंय.”

आणि त्याने सांगितलं. पायरी गंजलेली नव्हती. जीप स्वतःची म्हणून मिरवली. पार्ट मिळत नाही, हे खोटं होतं. सहादूच्या कामावर तो हसला आणि शंभर लोकांना हसायला लावलं. बोलताना त्याची नजर जमिनीवरच होती.

पुंजाचा चेहरा बदलला. नवसाबाई म्हणाली, “दाव.”

“काय, मावशी?”

“ते हसलास ते. दाव मला.”

नाही म्हणायचा त्याला अधिकार नव्हता. त्याने फोन तिच्यासमोर धरला. भर अंगणात, सगळ्यांच्या देखत, त्याचा आवाज वाजू लागला. इंजिनियरिंग, कावळे, डोळे मिटून. हसू संपलं तेव्हा नवसाबाई फोनकडे आणखी वाकली.

“पुन्हा दाव.”

त्याने पुन्हा लावला. काचेला न टेकवता ती पायरीवरून, कडीवरून वरच्यावर बोट फिरवत होती.

“बिगर आवाजाचं नाय का दिसत?” तिने विचारलं.

सोमनाथने आवाज बंद केला. तिने ते तिसऱ्यांदा बघितलं, शांतपणे, शेवटपर्यंत. “ह्यांच्या हातचं एवढंच राहिलं,” ती पुंजाला म्हणाली. “तुझ्या फोनात घे. आवाज नको घेऊ.”

टॉवेल परत कोणी मागितला नाही. नवसाबाईने त्याला नागलीची भाकर आणि उडदाचं वरण वाढलं, पोटभर खाऊ घातलं. क्षमा केली, असं तिने म्हटलं नाही. त्यानेही विचारलं नाही. पुंजाने त्याला सुरगाण्याच्या स्टँडवर सोडलं आणि जीप वळवली.

वणी सोडल्यावर एसटीत त्याने ग्रुपवर लिहिलं. जीप कोणाची, पायरी कोणी केली, कशासाठी केली, आणि आपण काय केलं. दोघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. एकाने ‘मोठेपणा आहे तुमचा’ असं लिहिलं, ते वाचून त्याला आणखीच लाज वाटली. पाचव्या मिनिटाला कोणीतरी जुन्या स्कूटरचा फोटो टाकला आणि बोलणं तिकडे वळलं.

नाशिकला उतरून त्याने पूजाला फोन केला. आईला सगळं सांगितल्याचं कळवलं.

“पुंजादादाचा फोन आला होता,” ती म्हणाली. “काका, आमच्या डॉक्टरांनाही सांगाल? फोनवर नाही, इथं येऊन. वॉर्डात.”

“येतो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात गेला. डॉक्टरांना भेटायचं तर आधी केस पेपर काढावा लागतो, असं काउंटरवरच्या बाईने सांगितलं. त्याने काढला आणि प्लास्टर घातलेल्या माणसांच्या रांगेत तासभर बसला. नंबर आला.

“अरे, सोमनाथभाऊ!” डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले. ग्रुपवरचं त्यांनी वाचलेलं दिसत नव्हतं. “तुम्ही रांगेत कशाला बसलात? काय होतंय?”

“मला काही होत नाहीये, डॉक्टरसाहेब,” सोमनाथ म्हणाला. “पाच मिनिटं वॉर्डात येता का? तिथं सगळ्यांसमोर बोलायचंय.”

डॉक्टरांनी समोरचा केस पेपर बाजूला सारला आणि ते उठले. वॉर्डाच्या दाराशी पूजा औषधांची ट्रॉली घेऊन उभी होती. तिने ट्रॉली भिंतीला लावली आणि दोघांना आत जायला वाट करून दिली.